जुन्या घरातली मोरी: उंबरठा आणि पायरी काढायची असेल तर

पुण्याच्या पेठांमधल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारतींत संडास आणि मोरी शेजारी-शेजारी पण वेगवेगळी असतात. मधे साडेचार इंची भिंत, मोरीला चार इंचांचा कट्टा, संडासाला एक पायरी. माझ्या सासरचं घर त्यातलंच, पहिल्या मजल्यावरचं. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी केली, आणि कट्टा, पायरी, भारतीय बैठकीचं भांडं, तिन्ही एकदम नडायला लागली. मी साइट सुपरवायझर, दुसऱ्यांच्या मोऱ्या करून घेणं हाच माझा धंदा. घरी ठरवलं ते असं: दोन्हींची एक खोली करायची, कुठेही चढ-उतार नको, वॉकर बाहेरून थेट आत आला पाहिजे आणि पाणी मात्र बाहेर येता कामा नये.

आधी मधल्या भिंतीकडे बघा. साडेचार इंची म्हणजे नुसता आडोसा, पाडा बिनधास्त, असं मिस्त्री छातीठोकपणे सांगतो. बहुतेकदा ते खरंही असतं. पण लोड-बेअरिंग, म्हणजे भिंतींवर पेललेल्या, इमारतीत वरच्या मजल्याची तशीच भिंत नेमकी हिच्या डोक्यावर उभी असते, नाहीतर पाण्याच्या टाकीचा माळा हिच्यावर टेकलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा, लेखी घ्या आणि तोच कागद सोसायटीच्या अर्जाला जोडा. त्याच दिवशी खालच्या घरी जाऊन त्यांच्या छताचे फोटो काढा, त्यांच्यासमोरच. संडास-मोरीतली गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. त्यामुळे पुढे डाग दिसला की तो आधीचा का आताचा, यावर वाद नको.

तोडफोड छन्नी-हातोडीने करून घ्या, विजेवरचा ब्रेकर लावू देऊ नका. जुना स्लॅब चार-साडेचार इंचांचा असतो, ब्रेकरच्या हादऱ्याने खालच्या बाजूचं प्लॅस्टर सुटतं. कोबा, म्हणजे फरशीखालचा विटांचा भराव, निघाला की स्लॅब झाडून, धुऊन नीट बघा. कुठे तांबूस ओघळ, कुठे उघडी पडलेली गंजकी सळई. ती तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने बुजवल्याशिवाय पुढचं काहीच करायचं नाही.

आता या कामातली खरी मेख. दोन्ही स्लॅब एका पातळीवर नसतात. आमच्याकडे संडासाखालचा स्लॅब दीड फूट खोल निघाला, मोरीखालचा जेमतेम पाच इंच. मिस्त्रीचा बेत सरळ होता: संडासाच्या जागी कमोड, मोरीच्या जागी अंघोळ. मग न्हाणी ट्रॅप, म्हणजे अंघोळीचं पाणी जायचं आणि गटाराचा वास अडवणारं भांडं, पाच इंचांत बसवायचा कसा? बसत नाही, म्हणून फरशी वर उचलतात आणि पायरी परत येते. मी जागांची अदलाबदल केली. अंघोळ खोल बाजूला, कमोड उथळ बाजूला. पी-ट्रॅपच्या कमोडचं तोंड मागच्या बाजूला, जमिनीपासून सात-सव्वासात इंचांवर असतं, ते भिंतीतून थेट बाहेर डक्टमधल्या, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीतल्या, पाइपला जातं. त्याला खोल स्लॅब लागतच नाही. शिवाय दार मोरीचंच ठेवलं, संडासाचं बुजवलं. म्हणजे दारातून आल्यावर आधी कोरडी बाजू, ओली बाजू पार टोकाला.

उतार सुतात मोजा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कोरड्या बाजूला फुटाला एक सूत, ओल्या बाजूला फुटाला दोन. आमची मोरी चार फूट, संडास तीन फूट, म्हणजे चार सूत आणि सहा सूत, एकूण सव्वा इंच. एवढ्या उताराचं पाणी दाराकडे वळत नाही आणि वॉकरही घसरत नाही. दाराशी बाहेरच्या फरशीपेक्षा आतली फरशी अर्धा इंच खाली ठेवून ती कड तिरकी घासून घेतली. पाणी जायची जाळी मधोमध घेतली तर चारी बाजूंनी उतार द्यावा लागतो आणि टाइल कोनात कापाव्या लागतात. शेवटच्या भिंतीला लागून लांबट चॅनल घेतला की एकच सरळ उतार. दोरी आणि लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून स्वतः तपासा. नुसता डोळा फसतो.

वॉटरप्रूफिंगवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण टाइल पाणी अडवत नाही. टाइलच्या सांध्यांतून पाणी खाली जाणारच. खाली गेलेलं पाणी परत ट्रॅपमध्ये यायला वाट आहे का, एवढाच प्रश्न. आमचे मिस्त्री म्हणाले, "ताई, कोब्यात वॉटरप्रूफिंगची पावडर टाकतो ना, कशाला एवढे कोट?" मी म्हटलं, "दादा, पावडर टाका, पण कोटही मारा."

क्रम असा. नवे पाइप आणि ट्रॅप आधी बसवायचे, स्लॅबमधून किंवा भिंतीतून पाइप जिथे जातो तिथली फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात मॉर्टरचा वाटा, म्हणजे गोलाई, मारायचा, काटकोन ठेवायचा नाही, कारण कोट आधी तिथेच चिरतो. मग पॉलिमर-सिमेंटचा एक कोट आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, कोपऱ्यांत मधे फायबरची जाळी. भिंतीवर निदान एक फूट चढवायचा, अंघोळीच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत. मग ट्रॅपचं तोंड बांधून पाणी भरा. भिंतीवर खडूने पातळीची रेघ ओढा, ४८ तास थांबा. थोडं पाणी हवेनेही आटतं, म्हणून रेघ बघण्यापेक्षा खालच्या घरी जाऊन छताला हात लावून बघा.

यानंतर भराव. विटांचा कोबा घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरतो. आमच्या खोल खड्ड्यात अर्धा घनमीटर भराव लागणार होता, म्हणजे म्हाताऱ्या स्लॅबवर एक टन. त्याऐवजी एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांचे) तुकडे मॉर्टरमध्ये बसवले, वजन तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आलं. हा ब्लॉक पाणी पितो, म्हणून त्याच्यावर उताराचा थर घालून पुन्हा दोन कोट आणि पुन्हा पाणी भरून चाचणी. उतार या थरालाच द्यायचा. टाइलखालच्या मालाने उतार काढतो म्हणणाऱ्याला थांबवा, तसं केलं तर खालचा कोट सपाट राहतो आणि मुरलेलं पाणी तिथेच बसून वास मारतं. खड्ड्याच्या तळाशी, बाहेरच्या भिंतीतून पाऊण इंची पाइपचा एक स्पाउट काढून ठेवा. तो कायम कोरडा हवा. कधी त्यातून थेंब पडला तर वरचा कोट गेला, हे खालच्या काकूंच्या आधी तुम्हाला कळतं.

पाइपांबद्दल एकच सांगते. जुन्या इमारतींत बहुधा मैल्याचा आणि मोरीचा पाइप वेगळा असतो. मोरीचा खाली गली ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या ट्रॅपला, जातो. जवळ आहे म्हणून न्हाणीचं पाणी मैल्याच्या पाइपात सोडून देऊ नका. आणि झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून, म्हणजे पुढे ड्रिल मारताना पाइप सापडतो.

टाइल जमिनीला एक बाय एक फुटाच्या, खरखरीत. सिमेंटचे गोळे मारून नव्हे, टाइल अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने पसरून बसवायच्या. दुसऱ्या दिवशी नाण्याने टिचकून बघा, बद्द आवाज आला ती टाइल काढायला लावा. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, महाग आहे पण सिमेंट ग्राउटसारखं काळं पडत नाही.

हात धरायच्या दांड्यांना जुनी भिंत दगा देते. चुन्यातली वीट, ड्रिल घातला की भुसा. प्लॅस्टरच्या आधीच त्या उंचीला, जमिनीपासून तेहेतीस ते छत्तीस इंचांवर, काँक्रीटचे ठोकळे बसवून घ्या. साडेचार इंची भिंत असेल तर बोल्ट आरपार नेऊन मागे पट्टी लावा. टॉवेलच्या दांडीवर माणूस पेलत नाही, आणि घसरताना हात तिथेच जातो. कमोडची बैठक अठरा इंचांच्या आसपास ठेवा, पाटाऐवजी तेवढ्याच उंचीचं स्टूल. बादली-तांब्याची सवय सुटत नाही, मग नळ तरी बसल्या जागेवरून हाताला लागेल असा काढा. सासूबाईंनी स्वतः स्टुलावर बसून, हात पुढे करून खडूची खूण केली, नळ तिथे. दार बाहेर उघडणारं हवं. आत माणूस पडून दाराला अडकला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. स्विच बाहेर, गीझरच्या लाइनला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच.

मिस्त्री पैसे घेऊन जायच्या आत जाळी हाताने उचलून बघा, बऱ्याचदा ग्राउटमध्ये चिकटलेली असते आणि मग केस काढता येत नाहीत. ट्रॅपमध्ये जेमतेम दोन इंच पाणी असतं. उन्हाळ्यात गावाला जाऊन आलात की ते आटलेलं असतं आणि घरभर गटाराचा वास. आधी दोन तांबे पाणी ओता, तासभर थांबा, आणि वास तरीही राहिला तरच प्लंबरला फोन करा.