चादरींआधी कपाट घ्या

‘बेघर लोकांसाठी काहीतरी करायचंय, संस्था कशी काढू?’ असं विचारणारे वर्षभरात बरेच जण भेटतात. बहुतेकांचं संस्थेचं नाव ठरलेलं असतं. एकाने तर लोगोही करून आणला होता. मी त्यांना एवढंच विचारते, रात्री अकरानंतर पुणे स्टेशनबाहेर कधी नुसते बसलायत का? कुणाला काही न देता, मोबाइल खिशात ठेवून?

आम्हीही बसलो नव्हतो. मी भोसरीच्या एका कारखान्यात हिशेब बघते, बाकीचे तिघे माझे कॉलेजचे मित्र. २०१७च्या थंडीत आम्ही वर्गणी काढून १२० चादरी घेतल्या आणि शुक्रवारी रात्री स्टेशन, मालधक्का चौक, सारसबागेची कड असं फिरून वाटल्या. रविवारी पुन्हा गेलो तर निम्म्या लोकांकडे चादरी नव्हत्या. ‘विकून प्यायले असतील,’ असं आमच्यातला एक जण म्हणाला आणि मलाही ते पटलं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या मावशी म्हणाल्या, ‘ताई, दिवसा मी धुण्याभांड्याला जाते. चादर काय डोक्यावर घेऊन जाऊ?’

झुडपात लपवलेलं बोचकं कुत्री फाडतात, पावसात भिजतं, नाहीतर सकाळी फुटपाथ मोकळा करताना कचऱ्यासोबत उचललं जातं. मावशींचं असंच गेलं होतं. त्यात दोन लुगडी, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक होतं. लुगडी कुणीतरी दिली. पासबुकातले साडेचार हजार मात्र त्यांना वर्षभर काढता आले नाहीत, कारण ओळख पटवायला कागदच नव्हता.

खरं तर आमचं काम त्या रात्री सुरू व्हायला हवं होतं. पण आम्ही आणखी सहा महिने खिचडी वाटण्यात घालवले. पुण्यात जेवण ही मुख्य अडचण नाही, हे नव्या माणसाला सांगून पटत नाही. गुरुवारी देवळांबाहेर आणि दर्ग्याशी, कॅम्पातल्या गुरुद्वारात, एरवी कुणाच्या तरी वाढदिवसाला अन्न मिळतंच. एका संध्याकाळी स्टेशनबाहेर आमच्याआधी दोन गट खिचडी वाटून गेले होते. तिसरी खिचडी घेऊन आम्ही उभे. एका काकांनी आमचं मन राखायला म्हणून द्रोण घेतला. शिवाय यातले बरेच जण कमावते असतात. लग्नसराईत केटरिंगवाल्यांकडे वाढपी, एरवी मजूर अड्ड्यावर, कुणी हमाल, कुणी भंगार-प्लास्टिक वेचणारे. हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रावर पैसे मोजून जेवणारी माणसं. त्यांना रांगेत उभं करून फुकटचा द्रोण हातात ठेवताना आपण त्यांना भिकारी ठरवत असतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग लोकांचे कागद सांभाळायला नाना पेठेत दहा बाय दहाची खोली भाड्याने घेतली आणि रविवारच्या जुन्या बाजारातून एक लोखंडी कपाट आणलं. प्रत्येक माणसाची एक प्लास्टिकची फाइल, तिला नंबर. आत मूळ कागद, दोन झेरॉक्स, दोन फोटो. कागद घेताना आणि देताना वहीत सही नाहीतर अंगठा. ‘सुरू करताना कमीत कमी काय लागतं’ असं विचारलंत तर माझं उत्तर हेच. कपाट, वही आणि आठवड्याचे दोन ठरलेले वार, ज्या दिवशी काही झालं तरी खोली उघडी असेल.

कागद नसतील तर ते उभे करण्यात महिने जातात. आधार हरवलं असेल आणि नंबर आठवत नसेल तर बोटांच्या ठशांवरून केंद्रात तो शोधता येतो. पण भांडी घासून, ओझी वाहून ज्यांचे ठसे पुसट झालेत त्यांचं यंत्र ओळखत नाही. तिथे डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅनिंग करायला सांगायचं. अडून बसायचं. पत्त्याचा पुरावा नसेल तर ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. तो राजपत्रित अधिकारी, आमदार किंवा मान्यताप्राप्त निवाऱ्याचे प्रमुख देऊ शकतात. संजय गांधी निराधार योजनेसाठी महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. जो माणूस १५ वर्षं रस्त्यावरच आहे त्याने तो कुठून आणायचा, असा वाद तहसील कार्यालयाच्या खिडकीवर घालू नका. खिडकीतल्या बाईंच्या हातात काही नसतं. जुनं रेशन कार्ड, शाळेचा दाखला, दवाखान्याचे केसपेपर, जे मिळेल ते जोडत जायचं. आमच्या एका आजींचा पुरावा शेवटी एका जुन्या बाळंतपणाच्या नोंदीत सापडला.

आता नोंदणी. आम्ही पहिलं वर्ष नोंदणीशिवायच काम केलं आणि तो निर्णय बरोबर होता असं मला अजून वाटतं. पण तेवढे दिवस स्वतःच्या आणि घरच्यांच्या पैशांवर भागवा. लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल तर नोंदणी नसताना धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणपती मंडळात काम केलेल्यांना ‘४१-क’ ठाऊक असतं, तेच हे.

महाराष्ट्रात १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात, आणि तिची पुन्हा १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. आमच्याकडे चार जण होते. सातचा आकडा भरायला मी माझ्या जाऊबाईंना, एका मित्राच्या मेहुण्याला आणि शेजारच्या निवृत्त गुरुजींना घेतलं. मेहुण्याने वर्षभरात राजीनामा दिला. कार्यकारिणीत काहीही बदल झाला की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा असतो, हे मला हिशेबनीस असूनही माहीत नव्हतं. उशीर माफ करून घ्यायला वकील करावा लागला, आणि त्या फीमध्ये खोलीचं चार महिन्यांचं भाडं निघालं असतं. तुम्ही तिघे-चौघेच असाल तर सरळ ट्रस्ट करा. आकडा भरायला माणसं घेऊ नका. कंपनी कायद्यातल्या कलम ८ची, म्हणजे नफा वाटून न घेणारी कंपनी हा तिसरा मार्ग आहे, पण त्याचा दरवर्षीचा कागदोपत्री खर्च खोलीवाल्या संस्थेला झेपत नाही.

देणगीदार पहिला प्रश्न विचारतात, ‘ऐंशी-जी आहे का?’ म्हणजे तुम्हाला दिलेल्या देणगीवर त्यांना आयकरात सवलत मिळेल का. त्यासाठी आणि संस्थेच्या स्वतःच्या करसवलतीसाठी आयकर खात्याकडे वेगळा अर्ज असतो. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, नियमित नोंदणीसाठी मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तेव्हा, पुन्हा अर्ज. रोख २००० रुपयांवरच्या देणगीला सवलत नाही, आणि देणगीदारांची यादी पॅनसकट दरवर्षी ३१ मेपर्यंत खात्याला द्यावी लागते. तेव्हा पावती फाडतानाच पॅन घ्या. नंतर फोन केला की मोठमोठे उदार लोकही ‘बघून सांगतो’ म्हणतात. कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेल्या पैशांच्या मागे पहिल्या तीन वर्षांत लागू नका. त्यांना तेवढ्या कामाचा इतिहास लागतो.

निवारा स्वतः काढावा का? आम्ही काढला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या आदेशांनुसार शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा निवारा हवा. २०११च्या जनगणनेत पुणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, हिशेब तुम्हीच करा. महापालिकेचे निवारे आहेत, आणि ते चालवायला संस्थांना दिले जातात. पण रात्रपाळीची माणसं, आजारपणं, भांडणं हे चार नोकरदारांचं काम नाही. तिथे जागा आहे का हे रात्री फोन करून विचारणं आणि माणसाला दारापर्यंत सोडणं आम्हाला जमतं. नुसता पत्ता सांगितला तर दहातले नऊ जण जात नाहीत.

मनाने आजारी असलेली माणसं हा सगळ्यांत अवघड भाग. संगम पुलाखाली एक बाई बसायच्या, बहुधा तेलुगू बोलायच्या. आम्ही पोलिसांकडे गेलो तर ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यातल्या कलम १००ची छापील प्रत घेऊन गेलो. अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं ठाणेप्रमुखाचं कर्तव्य आहे, कोठडीत ठेवता येत नाही, आणि व्यक्ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा असतो. आवाज न चढवता आम्ही कागद टेबलावर ठेवला. त्या रात्री गाडी मिळाली. उपचारांनंतर माणूस घरी पोचवण्याचं काम मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानींच्या कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनने अनेक वर्षं केलंय. ते कसं चालतं हे प्रत्यक्ष बघून या. अशा रुग्णाला स्वतःच्या खोलीवर आणून ठेवण्याचा मोह मात्र टाळा. एकटं मूल दिसलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक लावायचा, स्वतः कुठेही न्यायचं नाही.

कार्यकर्ते डिसेंबरात भरपूर मिळतात, जूनमध्ये कुणी येत नाही. पावसाळ्यातच कागद भिजतात. फोटो काढायला आम्ही पहिल्या दिवसापासून बंदी ठेवली, त्याने देणग्या कमी आल्या असतील.

आणि किल्ली एकाकडेच ठेवू नका. दुसऱ्या वर्षी मी गौरी-गणपतीला चार दिवस गावी गेले, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. त्याच आठवड्यात एका काकांना हडपसरच्या सोसायटीत वॉचमनची नोकरी ठरली होती, राहायला खोलीसकट. मूळ आधार दाखवायचं होतं. ते तीन दिवस आमच्या पायरीवर येऊन बसले. माझा नंबर त्यांच्याकडे होता, पण ‘सणाला कशाला त्रास द्यायचा’ म्हणून फोन केला नाही. नोकरी दुसऱ्याला गेली. आता खोलीची किल्ली खालच्या चहावाल्याकडे असते, आणि कपाटाच्या दोन, दोघींकडे.