शब्दात टाळ्या किती? मोजायचं ते कानाने

मूल वाचायला लागायच्या आधी त्याला शब्द कानाने फोडता आला की पुढे वाचन बरंच सोपं जातं, म्हणून ३-४ वर्षांपासून हा टाळ्यांचा खेळ (बोलताना शब्दाचे जे तुकडे पडतात त्या प्रत्येकाला एक टाळी) घरी सुरू कराच. वही-पेन्सिल काहीच लागत नाही, उलट ती लांब ठेवलेलीच बरी, कारण लिहिता येणारी आपण मोठी माणसं आवाज सोडून अक्षरं मोजत बसतो. कमळ लिहिताना तीन अक्षरं पण बोलताना क-मळ, दोनच टाळ्या. घर एकच टाळी. चिमणी बोलून बघा, चिम-णी, मधला अ आपण गिळतो. मुलाने "गडबड" या शब्दाला दोन टाळ्या वाजवल्या तर प्लीज त्याला "नाही रे, चार" म्हणू नका, त्याचंच बरोबर आहे.

पहिले काही दिवस मुलाला तोडायला लावायचं नाही, नुसतं जोडू द्यायचं, ते सोपं असतं. भाजी निवडायला बसलात की त्याला समोर घ्या आणि म्हणा, मला "गा... जर" दे बघू. मग "ब... टा... टा", "को... थिं... बीर". पोरं टोपलीत हात घालून शोधतात आणि शब्द आपोआप जोडून बोलतात.

हे जमलं की टाळ्या, आणि त्या घरातल्या नावांपासून. ओम एक, स्वरा दोन, आजोबा तीन. आधी शब्द नेहमीसारखा पूर्ण बोला, मग टाळ्यांसोबत. इथे बहुतेक जण फार सावकाश बोलतात आणि चि... म... णी असं ताणलं की टाळ्या तीन होतात, मूल बिचारं गोंधळतं. बोलण्याचा वेग नेहमीचाच ठेवा.

टाळ्या कुठेही कशाही पडत असतील तर मुलाला स्वतःचा हात हनुवटीखाली धरायला सांगा, बटाटा म्हणताना हनुवटी तीनदा हाताला टेकते ते त्याला स्वतःला कळतं. पण यासाठी आ-ए-ओ वाले शब्द घ्या, मूग किंवा लिंबू म्हणताना तोंड फार उघडतच नाही, मग काही जाणवत नाही.

मूल जसं बोलतं तसंच मोजायचं हं. स्कूलला इस्कूल म्हणणारं मूल दोन टाळ्या वाजवणारच, त्याच्या तोंडातून दोनच निघतायत. उच्चार सुधारायचाय तर तो नंतर, वेगळा. आणि गाण्यांवर मोजणी करू नका, चालीत आपण गिळलेला अ पुन्हा म्हणतो, बऱ्याच अभंगांच्या चार चरणांत ६-६-६-४ अक्षरं बसतात ती त्यामुळेच.

दोन-तीन टाळ्यांचे शब्द पक्के झाले की टाळ्या सोडून बिया किंवा बटणं ठेवायला द्या, प्रत्येक तुकड्याला एक, मग मोजायला सोपं. काढून टाकायचा खेळ (आजोबा मधून आ काढला तर काय उरलं?) सगळ्यात अवघड, तो ५-६ वर्षांच्या पोरांना द्या, छोट्यांना नको. रोज पाच मिनिटं बास, कंटाळलं की थांबायचं. आणि बरेच दिवस खेळूनही मुलाला गाजर-बटाटा यातला फरकच ऐकू येत नाहीये असं वाटलं, सारखं "काय?" विचारत असेल, सर्दी-कान दुखणं चालू असेल, तर आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.