परराष्ट्र खात्याला प्रश्न टाकताय? आधी मागचं उत्तर काढा

तीन अधिवेशनं नशिबाने हुलकावणी दिल्यावर आमच्या खासदार साहेबांचा तारांकित (म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो) प्रश्न एकदाचा सोडतीत वर आला होता. यादीत तिसरा. विषय परदेशातल्या तुरुंगांत अडकलेल्या भारतीय कामगारांचा. प्रश्न मी लिहिलेला, पुरवणी प्रश्नही (उत्तर ऐकून तिथल्या तिथे विचारायचे) मीच लिहून दिलेले, आणि कॉलर ताठ करून मी टीव्हीसमोर बसलो होतो. साहेब उठले आणि पहिली पुरवणी विचारली, देशवार आकडे मिळतील का? मंत्री शांतपणे म्हणाले, आकडे सोबतच्या विवरणात आहेत, सन्माननीय सदस्यांनी कृपया पाहावेत. मागच्या बाकांवर हशा पिकला. दुसऱ्या पुरवणीचीही तीच गत झाली. तिचं उत्तर आदल्याच अधिवेशनात दुसऱ्या एका सदस्याला लेखी देऊन झालं होतं, जवळपास त्याच शब्दांत. ते मागचं उत्तर मी काढलंच नव्हतं. साहेब मला काही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून ही तयारीची यादी, कुणा खासदाराच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्यांसाठी. लोकसभेपुरतंच लिहितोय, राज्यसभेचे नियम थोडे वेगळे आहेत.

तारखा पाहणं, वार पाहणं ही कामं उघड आहेत. मंत्रालयांचे पाच गट असतात आणि प्रत्येक गटाचा उत्तराचा वार ठरलेला असतो. अधिवेशनाआधी तक्ता निघतो, तो भिंतीवर चिकटवा. प्रश्नाची नोटीस किमान पूर्ण 15 दिवस आधी द्यायची आणि त्यात नोटीस दिल्याचा दिवस व उत्तराचा दिवस धरायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. प्रश्न ज्या पोर्टलवर टाकतात त्याचं लॉगिन साहेबांचं असतं आणि ते साहेबांच्याच ताब्यात राहिलं पाहिजे. बाहेरच्या कुणाला, कितीही मोठा अभ्यासक असला तरी, ते देऊ नका. डिसेंबर 2023 मध्ये याच लॉगिनच्या प्रकरणातून लोकसभेतल्या एका सदस्याचं सदस्यत्व गेलं, आणि डिसेंबर 2005 मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात दोन्ही सभागृहांतले मिळून 11 जण घरी गेले. यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

आता मुख्य काम. प्रश्नाचा पहिला शब्द टाइप करण्याआधी मागचं उत्तर काढा. एक नाही, गेल्या दोन-तीन वर्षांतली त्या विषयावरची सगळी. लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रश्नांचा शोध आहे, राज्यसभेच्याही आहे, आणि परराष्ट्र मंत्रालय स्वतःच्या संकेतस्थळावर संसदेतली प्रश्नोत्तरं टाकतं. तिन्ही ठिकाणी शोधा. दोन्ही सभागृहांत शोधा. मी फक्त आपल्या सभागृहात शोधलं असतं तरी वाचलो असतो, पण मी तेही केलं नव्हतं. ‘विषय ताजा आहे, कुणी विचारला नसणार’ असं वाटेल. विचारलेला असतो. पाचशेच्या वर लोक तुमच्यासारखीच सकाळची वर्तमानपत्रं वाचून प्रश्न टाकत असतात.

मागचं उत्तर कशासाठी काढायचं, तर आधी एक नियमाचं कारण. ज्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं गेलंय तोच सार रूपाने पुन्हा विचारता येत नाही, आणि सहज मिळणाऱ्या कागदपत्रांत असलेली माहितीही मागता येत नाही. लोकसभा सचिवालय तेवढ्यावरून प्रश्न परत पाठवू शकतं. पण खरं कारण वेगळं आहे. मागचं उत्तर म्हणजे मंत्रालय कुठून निसटतं याचा नकाशा असतो.

परदेशातल्या भारतीय कैद्यांचंच घ्या. या विषयावरची पाच-सहा जुनी उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. एक वाक्य हमखास सापडेल: बऱ्याच देशांत खासगीपणाचे कडक कायदे असल्यामुळे कैद्याने स्वतः संमती दिल्याशिवाय तिथले अधिकारी माहिती देत नाहीत. त्यानंतर ‘मंत्रालयाकडे उपलब्ध माहितीनुसार’ म्हणून एकूण आकडा, आणि त्यात खटला सुरू असलेले कच्चे कैदीही धरलेले. मग देशांची नावं आणि आकडे असलेलं विवरण. म्हणजे ‘किती भारतीय परदेशी तुरुंगांत आहेत’ असं विचारलंत तर तेच छापील उत्तर नव्या तारखेने परत येणार. याउलट मागचं उत्तर हातात असेल तर सुचतं की कच्चे आणि शिक्षा झालेले वेगळे मागा, वकिलातीच्या अधिकाऱ्याची भेट किती जणांना मिळाली ते मागा, शिक्षा झालेल्या कैद्यांच्या हस्तांतरणाच्या 2003 च्या कायद्याखाली किती जणांना उरलेली शिक्षा भोगायला भारतात आणलं आणि किती अर्ज पडून आहेत ते मागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या आकड्यात आणि आताच्या आकड्यात फरक का पडला, हे विचारा. हा शेवटचा प्रश्न मागचं उत्तर नसेल तर सुचूच शकत नाही. मला नव्हता सुचला.

मच्छीमारांच्या बाबतीत तर सरकारच तारखा हातात देतं. 2008 च्या भारत-पाकिस्तान करारानुसार दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या ताब्यातले नागरिक आणि मच्छीमार यांच्या याद्या देतात. पालघरच्या किनाऱ्यावरच्या घरांत त्या यादीची वाट पाहिली जाते. तेव्हा यादी आली का, हे विचारू नका, ती येतेच. शिक्षा पूर्ण होऊनही किती जण आत आहेत आणि राष्ट्रीयत्वाची खातरजमा किती जणांची बाकी आहे, ते विचारा.

पुढचा प्रश्न: कोणाला विचारायचं? मानवी हक्क म्हटलं की नवशिका सगळं परराष्ट्र खात्याच्या दारात टाकतो. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने ऑक्टोबर 1997 मध्ये सही केली, पण अजून अनुसमर्थन (करार बंधनकारक करणारी अंतिम मान्यता) केलेलं नाही. त्यासाठीचं छळ प्रतिबंधक विधेयक 2010 मध्ये लोकसभेने मंजूर केलं, राज्यसभेने निवड समितीकडे पाठवलं आणि पुढे ते बारगळलं. कायदा आयोगाने 2017 मध्ये आपल्या 273 व्या अहवालात पुन्हा शिफारस केली. करार आंतरराष्ट्रीय असला तरी देशातला कायदा गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे तुमचा प्रश्न तिकडे जाणार आणि तिकडचा वार वेगळा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, निर्वासित हेही गृह. संयुक्त राष्ट्रांत भारताने काय मत दिलं, परदेशातले कामगार, वकिलातीची मदत हे परराष्ट्र. पूर्वी अनिवासी भारतीयांचं वेगळं मंत्रालय होतं, 2016 मध्ये ते परराष्ट्र खात्यात विलीन झालं. त्यामुळे आखाती कामगारांवरची जुनी उत्तरं शोधताना ते जुनं नावही टाका. (हो, परत मागचं उत्तर. कंटाळलात तरी चालेल.)

शब्दांचं म्हणाल तर मर्यादा साधारण 150. त्यात युक्तिवाद, उपहास, विशेषणं, मतप्रदर्शन चालत नाही. ‘जर-तर’ चालत नाही. आणि परराष्ट्र विषयासाठी खास अडथळा म्हणजे मित्रराष्ट्राचा अनादर होईल असा उल्लेख चालत नाही. मानवी हक्कांचे प्रश्न इथेच सर्वांत जास्त अडखळतात, कारण लिहिणाऱ्याचं रक्त तापलेलं असतं. तापू दे, पण ते कागदावर नको. 6 ऑक्टोबर 2022 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत चीनमधल्या शिनजियांगच्या परिस्थितीवर चर्चा घ्यायची की नाही यावर मतदान झालं. 17 बाजूने, 19 विरोधात आणि 11 तटस्थ, त्या अकरांत भारत. यावर ‘अत्याचारी राजवटीची पाठराखण का केली’ असं लिहिलंत की नोटीस गेली टोपलीत. ‘तटस्थ राहण्याची कारणं काय, आणि देशविशिष्ट ठरावांबाबत सरकारचं धोरण काय’ असं लिहा. मग जुनं मतदान काढा. श्रीलंकेवरच्या ठरावाला याच परिषदेत भारताने 2012 आणि 2013 मध्ये पाठिंबा दिला होता आणि 2014 मध्ये तो तटस्थ राहिला. मंत्री ‘आमचं धोरण नेहमीच असं राहिलं आहे’ म्हणाले, की पुरवणीला ही तीन मतं पुरतात.

न्यायप्रविष्ट म्हणून घाबरून विषय सोडू नका. नियमातली अट भारतात अधिकारक्षेत्र असलेल्या न्यायालयांपुरती आहे, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला ती लागू होत नाही. पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या बाबतीत या न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी निकाल दिला, वकिलातीच्या भेटीचा हक्क डावलला गेल्याचं म्हटलं आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं. त्यानंतर भेट किती वेळा मिळाली, ती विनाअडथळा होती का, हे विचारता येतं. फक्त गोपनीय स्वरूपाचं काही मागू नका. तिथे ‘राष्ट्रहितात माहिती देणं योग्य नाही’ या वाक्यावर दार बंद होतं.

भाग पाडताना एक खोच. आपण (क) ते (ङ) असे पाच नेमके भाग करतो आणि उत्तर येतं ‘(क) ते (ङ)’ असं एकत्र, दीड परिच्छेदाचं. त्यात (ग)चं उत्तर कुठेच नसतं. म्हणून तीनच भाग करा आणि प्रत्येकात एक आकडा किंवा एक तारीख मागा. शेवटी आपलं ते ठरलेलं, ‘असल्यास तपशील काय, नसल्यास कारणं काय’. दिल्लीत त्याला ‘यदि हाँ, तो तत्संबंधी ब्यौरा क्या है’ म्हणतात. सवय झाली की घरी भाजी आणली का विचारतानाही तोंडातून तेच येतं. हे शेपूट कंटाळवाणं वाटलं तरी तोडू नका, नाहीतर नुसतं ‘होय’ येईल.

तारांकित की अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा)? दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित लागतात. तारांकितांपैकी प्रत्यक्ष तोंडी उत्तरापर्यंत पाच-सहाच पोहोचतात, गोंधळ झाला तर एकही नाही. आकडे हवे असतील तर अतारांकित टाका, आकडे कागदावर येतात. मंत्र्यांना उभं करून बोलतं करायचं असेल तर तारांकित. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची आगाऊ मंजुरी लागत नाही, त्यामुळे परराष्ट्र धोरणावर सरकारला नेमकं काहीतरी नोंदवायला लावायचं हे मोजक्या साधनांपैकी एक आहे. वाया घालवू नका. मी घालवलंय.

तोंडी उत्तराच्या दिवशी उत्तराची प्रत सकाळी हातात येते, सभागृह भरायच्या थोडंच आधी. ती आली की आधी परिशिष्ट उघडा. परिशिष्ट! मुख्य उत्तर चार ओळींचं असतं, खरा माल मागे जोडलेला असतो. मग मागचं उत्तर शेजारी ठेवा आणि पेन्सिलने फरक खुणावा: कुठला शब्द गळला, कुठला आकडा बदलला, कुठलं वाक्य नवं आलं. पुरवणी तिथून निघते. आदल्या रात्री लिहिलेल्या पुरवण्या फाडायची तयारी ठेवा. मूळ सदस्याला दोन मिळतात, दोन्ही एकेका वाक्याच्या ठेवा. प्रस्तावना सुरू झाली की अध्यक्ष ‘प्रश्न विचारा’ म्हणतात आणि साहेब गोंधळतात. चिठ्ठी मोठ्या अक्षरात द्या.

उत्तर आल्यानंतरचं थोडक्यात. ‘माहिती गोळा केली जात आहे आणि सभापटलावर ठेवली जाईल’ असं आलं तर ते आश्वासन समजलं जातं. मुदत तीन महिने, पाठपुरावा शासकीय आश्वासन समितीकडे. तारीख डायरीत लिहा. उत्तर अपुरं वाटलं तर नियम 55 खाली अर्ध्या तासाची चर्चा मागा, तीन दिवस आधी. परराष्ट्र व्यवहारांची स्थायी समिती 31 जणांची असते, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. तिथे मंत्री नसतात, सचिव येतात, दारं बंद असतात, त्यामुळे बोलणं जरा मोकळं होतं. साहेब सदस्य नसतील तर असलेल्या एखाद्याला टिपण द्या. शून्य प्रहर, नियम 377 वगैरे विषय मांडायचे बाकीचे मार्ग तुम्हाला माहीत असतीलच.

शेवटी आलेल्या उत्तराची प्रत फायलीत. वर तारीख, प्रश्न क्रमांक, सभागृह, आणि कुठल्या भागाला उत्तर मिळालं नाही तो भाग लाल पेनने. पुढच्या अधिवेशनात तेच तुमचं मागचं उत्तर.