परदेशात सहाध्यायांसोबत डोंगरावर जायचंय? तयारी खान्देशातूनच करा

जर्मनीत शिकायला गेलात की महिन्याभरात वर्गातलं कोणीतरी विचारतंच, "रविवारी डोंगरावर येतोस का?" हो म्हणा. मी चाळीसगावचा, मे महिन्यातल्या ४५ अंशांत शेतावर राबलेला. पण ब्लॅक फॉरेस्ट या तिथल्या डोंगराळ भागातल्या फेल्डबर्ग शिखरावर, ऑक्टोबरच्या वाऱ्यात, दात वाजायला लागले तेव्हा कळलं की उन्हाची सवय तिथे कामाची नाही. आपल्याकडून जाणाऱ्या मुलामुलींचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो.

आधी पाटणादेवी

बूट इथेच घ्या आणि इथेच पायात रुळवा. हिवाळ्यात दोन-तीन रविवार पहाटे चाळीसगावहून पाटणादेवीला जा आणि पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन कण्हेरगड चढा. टाच घासते का, बोटं पुढे आदळतात का, ते उतरताना कळतं, चढताना नाही. नंदुरबारकडच्यांना तोरणमाळ आहेच.

पाटणादेवीचा शिलालेखही समजून घ्या. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ मध्ये मठाची सोय केली, त्याचा तो लेख. तुझ्या गावाकडे काय आहे, असं वाटेत कोणीतरी विचारतंच. त्या वेळी गणित शिकणाऱ्या मित्राला हे सांगून बघा.

वेळेचं गणित कागदावर करा

सपाटीला तासाला ४ किलोमीटर आणि चढाला तासाला ३०० मीटर धरा. दोन्ही वेळा काढा, मोठी पूर्ण घ्या आणि लहान वेळेची निम्मी तिच्यात मिळवा. उदाहरणार्थ, जिथून चढायचं ते बेरेंटाल स्टेशन ९६७ मीटरवर, फेल्डबर्गचा माथा १४९३ वर, म्हणजे चढ सव्वापाचशे मीटर. वाट ८ किलोमीटर धरली तर अंतराचे दोन तास, चढाचे पावणेदोन. हिशेब जवळजवळ तीन तासांवर जातो, आणि हे फक्त वर पोहोचायचं. जेवण, फोटो, उतरणं वेगळं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात. मग सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात तर साडेचारलाच. परतीची गाडी आधी ठरवा, माथा नंतर. टॉर्च प्रत्येकाकडे हवी.

तिकिटासाठी विद्यापीठाचा पास आधी तपासा. महिन्याचं डॉइचलांड तिकीट (२०२५ मध्ये ५८ युरो) लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, वेगवान आयसीईला नाही.

अंगावर काय

जीन्स नको, सुती बनियनही नको. माझं तिथेच चुकलं. चढताना घाम आला, सुती कापड भिजलं, माथ्यावर वारा लागला आणि अंग गारठलं. व्हिएतनामच्या मैत्रिणीने सॅकमधला जादा लोकरी शर्ट काढून दिला. तेव्हापासून मीही एक जादा शर्ट नेतो, दुसऱ्यासाठी. लवकर वाळणारा टी-शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर पाऊस-वारा अडवणारं जाकीट, एवढं पुरतं.

डबा

रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, खरेदी शनिवारी उरका. आणि घरून बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, न्या. वजन नाही, खराब होत नाहीत, आणि ज्वारीचे असल्याने त्यांत गहू नाही, मांस नाही, दूध नाही. आम्ही माथ्यावर दगडाच्या आडोशाला बसून बिबड्याचे तुकडे केले, वर तेलाचे दोन थेंब, कच्चे शेंगदाणे, चिरलेला कांदा. कडाड असा आवाज झाला की शेजारचाही हात पुढे येतो. पण शेंगदाणे काढण्याआधी ॲलर्जी आहे का, हे प्रत्येकाला नक्की विचारा. काहींच्या ते जिवावर बेतू शकतं.

वाटेवर

ब्लॅक फॉरेस्टमध्ये झाडांवर आणि खांबांवर शंकरपाळीच्या आकाराच्या खुणा दिसतात. पिवळी म्हणजे गावाजवळची वाट, निळी म्हणजे जोडवाट. लाल शंकरपाळी फोर्झहाइम ते बाझेल या सुमारे २८५ किलोमीटरच्या वेस्टवेग नावाच्या लांब पायवाटेची. खूण बराच वेळ दिसली नाही तर मागच्या खुणेपर्यंत परत या. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, दरीत रेंज जाते.

सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. तो हळू चालणारा तुम्ही असाल तर तसं स्पष्ट सांगा. आपल्याकडची मुलं संकोचाने बोलत नाहीत आणि गुडघा धरून बसतात. "मला दहा मिनिटं थांबायचंय" म्हटलं की तिथे कोणी वाईट वाटून घेत नाही. अडचण आलीच तर ११२, आपल्यासारखाच.

खोलीवर परतल्यावर

गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड शोधा. हो, आपल्या गुरांना लागते तिचीच जातभाई. गवतातून ती माणसाच्या अंगावर चढते आणि तिच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. दिसली तर रॉकेल, तेल काही लावू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ ओढा, जागा स्वच्छ करा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरताना दिसलं किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि गोचिडीचं आवर्जून सांगा. दक्षिण जर्मनीत गोचिडीमुळे मेंदूला सूज आणणारा आजारही होतो. त्याची लस मिळते, पहिल्या सत्रातच डॉक्टरांना विचारून घ्या.