परदेशात रोजची औषधं सुरू ठेवताना
मी थायरॉइडची गोळी घेते, नवरा इन्सुलिन. त्यामुळे देश बदलायचा म्हटलं की आमच्याकडे कपड्यांआधी औषधांची बॅग भरते.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना नुसता ब्रँड चालत नाही. औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि आजार टाइप करून घ्या. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. इन्सुलिन मात्र हातातल्या सामानात; विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यायचं.

त्या देशात कोणत्या औषधांवर बंदी आहे, हे दूतावासाकडून आधीच विचारून घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा स्यूडोएफेड्रिनची सर्दीची गोळी काही ठिकाणी फार महागात पडते. (‘कोण तपासतंय?’ म्हणणारे भेटतीलच. खुशाल दुर्लक्ष करा.)

साखरेचा आकडा ७ दिसला तर दचकू नका. बऱ्याच देशांत मोजमाप मिलिमोलमध्ये असतं. १८ने गुणा, मिलिग्रॅममधला १२६ मिळेल.

साठा भरपूर असला तरी तिथल्या डॉक्टरकडे लगेच नाव नोंदवा. थायरॉइडच्या गोळीचा ब्रँड बदलला, तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासून घ्या.