लिश्टेनस्टाईनचा ऑलिम्पिक पदकतक्ता हाताने कसा मांडावा

वहीत पाच रकाने आखा: वर्ष, ठिकाण, खेळाडू, स्पर्धा, पदक. दहा ओळी पुरतात, कारण 2022 पर्यंतची सगळी पदकं दहाच आहेत आणि तीही फक्त अल्पाइन स्कीइंगमधली (बर्फाच्या उतारावरून स्कीवर खाली येण्याच्या शर्यती; स्लॅलम, जायंट स्लॅलम, डाउनहिल, सुपर-जी हे त्यांचेच प्रकार). उन्हाळी ऑलिम्पिकसाठी वेगळं पान काढू नका, ते कोरंच राहील.

सुरुवात 1936 पासून करू नका. पदार्पण त्या वर्षीचं असलं तरी पहिलं पदक 1976 चं, इन्सब्रुकमधलं. तिथे हान्नी वेन्झेल आणि विली फ्रॉमेल्ट यांना स्लॅलममध्ये कांस्य मिळालं. 1980 च्या लेक प्लॅसिडला चार ओळी ठेवा: हान्नीची स्लॅलम व जायंट स्लॅलममधली दोन सुवर्णं, डाउनहिलचं रौप्य, शिवाय भाऊ आंद्रेआसचं जायंट स्लॅलममधलं रौप्य. पुढची चारही कांस्यं: 1984 ला आंद्रेआस आणि उर्सुला कोन्झेट, 1988 ला पॉल फ्रॉमेल्ट, 2018 ला सुपर-जीमध्ये टीना वायराथर.

चूक हमखास आडनावांत होते. फक्त ‘वेन्झेल’ लिहिलं तर बहीण-भावाची पदकं एकत्र होतात. विली आणि पॉल या फ्रॉमेल्ट बंधूंचंही तसंच. म्हणून पूर्ण नाव लिहा. टीना हान्नीचीच मुलगी, पण आडनाव वडिलांचं.

ताळा घ्या: सुवर्ण 2, रौप्य 2, कांस्य 6. मग घराण्यांनुसार मोजा: हान्नी, आंद्रेआस, टीना मिळून 7, फ्रॉमेल्ट 2, कोन्झेट 1. बेरीज नऊ आली, तर बहुधा टीना सुटली आहे. तिच्या आणि पॉलच्या पदकांत तीस वर्षांचं अंतर आहे.