टर्मिनलची टेस्ट अखेर पास झाली

द्राक्षांच्या पेट्यांचा हिशोब ठेवणारा आमचा पायथॉन प्रोग्राम टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या मजकुरी खिडकीत, कामाची टक्केवारी दाखवतो. गंगापूर रोडच्या ऑफिसात त्याचं आउटपुट तपासणारी टेस्ट दोन दिवस फेल होत होती. डोळ्यांना ‘१००%’ दिसायचं, पण टेस्टच्या हाती रंगांचे एस्केप कोड (रंग बदलायला सांगणारी, न दिसणारी अक्षरं) आणि कॅरेज रिटर्नने (कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेणाऱ्या खुणेने) जोडलेले सगळे जुने आकडे लागायचे. रेजेक्सने, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्राने, रंग गेले, आकडे राहिलेच.

मग पाईट (pyte) ही टर्मिनलची नक्कल करणारी लायब्ररी घेतली. मेमरीतच ८० बाय २४ अक्षरांचा स्क्रीन उभा करायचा, आउटपुट त्यात सोडायचं आणि माणसाला दिसेल तेवढंच तपासायचं. फार आवडलं मला हे! तरी ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत होत्या, कारण नुसत्या न्यूलाइनने कर्सर खाली उतरतो, डावीकडे परत येत नाही. न्यूलाइनवर कर्सर डावीकडेही आणणारा एलएनएम मोड लावला, ओळींच्या शेवटच्या स्पेस छाटल्या आणि टेस्ट पास झाली.